इनास सरांची निवड

आमच्या शाळेनं यंदापासून बास्केटबॉलमधल्या नव्या मुलींसाठी एक चषक ठेवलाय. वर्षातली सगळ्यांत चांगली नवी खेळाडू निवडायची आणि तिला तो द्यायचा. चषकाला इनास सरांचं नाव द्यायचं ठरलं तेव्हा मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, "तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत, दोन मिनिटं बोला." मी उभी राहिले. सर शिस्तीचे होते, मुलांवर त्यांची माया होती, असं कुणाहीबद्दल बोलता येईल ते बोलले आणि खाली बसले. विरारला घरी परतताना वाटलं, सर तिथं असते तर म्हणाले असते, "बाई, पाठ केलेलं बोललात." तोंडावर म्हणाले असते, चहा पिता पिता.

म्हणून आता सावकाश लिहिते.

इनास सर आमच्याकडे खेळाचे शिक्षक होते. उंच, सडसडीत, खांद्यात जरासे वाकलेले. शिट्टी गळ्यात न घालता खिशात ठेवायचे आणि क्वचितच बाहेर काढायचे. नंदाखालहून स्कूटरवर यायचे. पुढं पाय ठेवायच्या जागेत बहुतेक वेळा केळीच्या पानांची गुंडाळी नाहीतर अळूची जुडी असायची, स्टाफरूममधल्या कुणीतरी मागवलेली. मी गणिताची. बास्केटबॉलमध्ये एका वेळी किती जण खेळतात हेही मला ठाऊक नव्हतं. पण एकदा सामन्याच्या टेबलावर बसणारा माणूस आला नाही, तेव्हा सर वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, "बाई, तुम्ही गणिताच्या. चला, आकडे लिहा." तेव्हापासून ते काम कायमचं माझ्याकडे आलं.

आकडे लिहायला त्यांनीच बसवलं, पण ते आकडे त्यांना नको असायचे. सामना चालू असताना ते टेबलाजवळ कधी बसत नसत. बास्केटच्या मागं, भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट उलटा टाकून त्यावर बसायचे, गुणफलकाकडे पाठ करून. एकदा मी उत्साहानं सांगायला गेले की आपण सहा गुणांनी पुढं आहोत. ते म्हणाले, "स्कोर सांगू नका बाई. डोळे बिघडतात."

त्यांचं खरं वेड म्हणजे नवी पोरं. मुरलेल्या खेळाडूंबद्दल ते फारसं बोलत नसत. पण पहिल्या वर्षाची पोरगी मैदानात उतरली की पुढं झुकून बसायचे. त्यातही त्यांची एक रीत होती. नव्या पोरीचे सुरुवातीचे सामने ते मनावरच घेत नसत. म्हणायचे, "आता तिला कोणी ओळखत नाही. समोरच्यांना ती कळू दे. तिची आवडती वाट ते बंद करतील. तिथून पुढं ती जे करते, तेवढंच तिचं." आणि पोरगी अगदी रंगात आलेली असताना तिला बाहेर बोलवायचे. प्रेक्षक ओरडायचे, पालक चिडायचे. सर मात्र बाकाकडे बघत असायचे. एखादी टॉवेल डोक्यावर घेऊन बसायची, एखादी बूट काढायला लागायची. एखादी उभी राहून आतल्यांना हाका मारायची. "बघा," सर हळूच म्हणायचे, "ही अजून खेळतेय."

ही नजर त्यांना मैदानाबाहेर मिटता येत नसे, आणि त्याचा त्रास सगळ्यांना व्हायचा. त्यांना कुणी "कसं झालंय?" असं सहज विचारू नये, हे स्टाफरूममध्ये नव्या माणसाला आधीच सांगून ठेवलं जाई. माझा एक आदर्श पाठ झाला होता. अधिकारी येऊन कौतुक करून गेले. मी सरांना विचारलं. ते म्हणाले, "फळा छान होता. पण तुम्ही पोरांशी बोलायला उशिरा सुरुवात केलीत. आधी बराच वेळ फळ्याशीच बोलत होता." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग कळलं की ते खरं होतं, आणि त्यात खोच नव्हती. विचारलंत म्हणून सांगितलं, एवढंच. त्यांच्या बायकोनं, फिलोमिनावहिनींनी, लग्नानंतर पहिल्या नाताळालाच त्यांना स्वयंपाकाबद्दल बोलायची बंदी केली होती. "जेवायचं आणि उठायचं," त्या मला हसत सांगायच्या. "तोंड उघडलं की ह्यांच्या तोंडून खरं तेच येतं. मग सणाच्या दिवशी कशाला?"

त्यांना एकच मुलगी, एल्विना. वाडीतल्या विहिरीजवळ पंपाची खोली होती. तिच्या भिंतीवर सरांनी लोखंडी रिंग ठोकली होती. एल्विना तिथंच शिकली. चेंडू चुकला की केळीत जायचा, कधी पन्हळीत पडायचा, आणि वहिनी स्वयंपाकघरातून त्यांच्या बोलीत ओरडायच्या. नंदाखालची ती बोली मला अर्धीच कळते, पण त्या ओरडण्याचा अर्थ कळायचा. पोरगी बापासारखीच उंच, पण बापासारखी शांत नाही. हसरी, बोलकी, जिंकायला आसुसलेली. चेंडू हातात आला की तिचा चेहराच बदलायचा. ती खेळायची तेव्हा मलासुद्धा आकडे लिहायचं भान राहत नसे.

मध्यंतरी आपल्याकडे मुलींची एक व्यावसायिक लीग निघाली होती. आता तिचं नावही कुणाला आठवत नाही, पण तेव्हा मोठा थाट होता. दिवे, संगीत, टीव्हीवर सामने. एल्विनाची एका संघात निवड झाली. आमच्या भागातली आणखी एक मुलगी दुसऱ्या संघात गेली, आचोळ्याची प्रतीक्षा. तिची आई वसई पूर्वेच्या एका कारखान्यात पॅकिंगला जायची. सरांनी प्रतीक्षाला शिकवलं नव्हतं. शाळांच्या सामन्यांतून पाहिलं होतं, तेवढंच.

हंगामाच्या शेवटी पहिल्या वर्षाच्या खेळाडूंतून सर्वोत्तम निवडायची होती, आणि त्यासाठी सुरुवातीलाच तिघांची समिती नेमली. एक जुनी मोठी खेळाडू, एक क्रीडा पत्रकार आणि तिसरे आमचे सर. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "माझी मुलगी यात आहे. मला सोडा." आयोजक म्हणाले, इथं प्रत्येकाचं कुणी ना कुणी खेळतंयच, तुमच्यावर आमचा विश्वास आहे. सर समितीत राहिले. त्यांनी तेव्हाच उठायला हवं होतं, असं वहिनींना अजूनही वाटतं. मलाही वाटतं.

तो सगळा हंगाम सर सुट्ट्या टाकून सामने बघत हिंडले. एल्विनाचा संघ दुबळा होता आणि ती एकटीच गुण करत होती. नव्या मुलींत सगळ्यांत जास्त गुण तिचे. वर्तमानपत्रात तिचा फोटो आला तेव्हा आम्ही तो स्टाफरूमच्या फळ्यावर लावला. सरांनी तो बघितला, पिन नीट टोचली आणि तासाला गेले.

समितीच्या बैठकीनंतर दुसऱ्या दिवशी ते शाळेत आले ते माझ्या वर्गाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहिले. तास संपल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"एक मत एल्विनाला पडलं, एक प्रतीक्षाला."

"आणि तुमचं?"

"प्रतीक्षाला."

 सर स्वतःच सांगू लागले. समोरच्यांनी एल्विनाला ओळखलं, तशी ती जास्त जोरानं तेच तेच करत राहिली. चेंडू तिच्याकडे गेला की बाकीच्या चौघी उभ्या राहून बघायच्या. प्रतीक्षाचे गुण थोडे होते. पण ती आत आली की समोरच्या संघातली सगळ्यांत चांगली पोरगी गप्प व्हायची आणि आपल्या संघातल्या दोन घाबरट पोरी खेळायला लागायच्या. "दुबळ्या संघात कुणीतरी गुण करणारच बाई. ते आकडे फुगतात. तुम्ही गणिताच्या, तुम्हाला कळेल."

"त्यांनी दोघींत वाटून द्यायचं सुचवलं नाही?"

"सुचवलं. समितीतले ते दोघंही तयार होते."

"मग काय बिघडलं असतं, सर?"

सर मैदानाकडे वळून बसले. "पहिलं वर्ष असतं ते," ते म्हणाले. "त्या वर्षी माणसाला जे सांगाल, ते तो खरं धरतो. प्रतीक्षाला सांगायचं, तू अर्धी चांगली आहेस, कारण दुसरीचा बाप इथं बसलाय?"

"आणि एल्विनाला काय सांगणार?"

सर खिशातून शिट्टी काढून तासाला गेले.

नाव जाहीर व्हायच्या आधी त्यांनी तिला स्वतः सांगितलं, घरी, जेवताना. हे मला वहिनींनी सांगितलं. एल्विना आधी हसली, तिला मस्करी वाटली. मग तिनं विचारलं, "पप्पा, तुम्ही माझे सगळे सामने बघितलेत?"

"सगळे."

"आणि तरी?"

"म्हणूनच," सर म्हणाले.

तिनं जेवण पूर्ण केलं, ताट घासून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी आगाशीला मावशीकडे राहायला गेली.

त्यानंतर काही दिवसांनी मी नंदाखालला गेले होते. एल्विना कपडे न्यायला आली होती. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली आणि प्रतीक्षा उतरली, हातात पेढ्यांचा पुडा. सरांच्या पाया पडायला आली होती. दार उघडलं ते एल्विनानं.  एल्विनानं तिला आत घेतलं, पाणी दिलं, "घोटा बरा आहे का आता?" म्हणून विचारलं. दोघी एका पंचाबद्दल बोलून हसल्यासुद्धा. सर घरात नव्हते, बाजारात गेले होते. प्रतीक्षा थोडा वेळ थांबून गेली. एल्विना फाटकापर्यंत सोडून परत आली आणि पायरीवर माझ्याशेजारी बसली.

"चांगली पोरगी आहे, टीचर," ती म्हणाली. "वाईट असती तर बरं झालं असतं." आणि मग रडली. मी तिला लहानपणापासून ओळखत होते, सामना हरल्यावरसुद्धा तिला रडताना पाहिलं नव्हतं.

पुढच्या वर्षी लीग झालीच नाही. संघांच्या मालकांनी अंग काढून घेतलं, आधी हंगाम पुढं ढकलला असं सांगितलं आणि मग कुणी काही सांगेनासंच झालं. मुली फोनची वाट बघत सराव करत राहिल्या. प्रतीक्षा वर्षभर थांबली, मग लग्न होऊन नाशिकला गेली. एल्विनानं कॅनडाला शिकायला जायचं ठरवलं. तिकडे आधीच तिचे दोन मावसभाऊ होते. निघायच्या दिवशी घरी प्रार्थना झाली. सगळ्या मोठ्यांच्या पाया पडत ती सरांसमोर आली. सरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ ठेवूनच राहिले. ती वाट बघत होती असं मला वाटलं. काहीतरी बोलतील, त्या वर्षीबद्दल एक शब्द, चूक झाली असा नाही तरी, वाईट वाटलं असा. सर म्हणाले, "तिकडे थंडी असते. कान झाकत जा." ती उठली आणि गाडीत जाऊन बसली.

मग वर्षं गेली. एल्विना आईला फोन करायची. पप्पांशी बोलायची नाही, पण पप्पांबद्दल विचारायची. वहिनी फोन धरून बसायच्या, सर शेजारच्या खुर्चीत. "औषध घेतलं का विचार," एल्विना पलीकडून म्हणायची. वहिनी सरांकडे बघायच्या. "घेतलं म्हणून सांग," सर म्हणायचे. "घेतलं म्हणतात." फोन जोरात असायचा, तिघांना तिघांचं ऐकू यायचं, तरी प्रत्येक वाक्य वहिनींच्या तोंडूनच जायचं. एकदा मी तिथं बसले असताना हे चाललं होतं. फोन ठेवल्यावर वहिनी म्हणाल्या, "मी मेल्यावर ही दोघं काय करणार?" सर उठून विहिरीकडे गेले.

त्यांच्यातला बदल मला शाळेत जास्त दिसला. ते निवृत्त झाले होते, पण संध्याकाळी मैदानावर यायचे, क्रेटवर बसायचे. नव्या खेळशिक्षिकेनं विचारलं, "सर, यातली कुठली मुलगी पुढं जाईल?" की म्हणायचे, "सगळ्या चांगल्या आहेत." तिला तो आशीर्वाद वाटायचा. मला ऐकवत नसे. ज्या माणसानं कधी कुणाला गुळमुळीत उत्तर दिलं नाही, तो आता रोज देत होता. एकदा मी त्यांना गाठून विचारलंच, "सर, तुम्हाला वाटतं का, त्या वेळी चुकलं?"

"निवड बरोबर होती," ते म्हणाले. मग म्हणाले, "मी बरोबर होतो का, ते मला सांगता येत नाही. ते बघायला मी बाहेर कुठं होतो?"

गेल्या वर्षी त्यांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी पंपिंग फार कमी झाल्याचं सांगितलं. पाय सुजायचे, चार पावलं चालले की धाप लागायची. एल्विनाचे तिकडचे कागद अडकले होते, देश सोडला तर परत जाता येईल याची खात्री नव्हती. "महिनाभरात होईल," ती आईला सांगायची. कागद हातात आले ते सर गेल्यानंतर. ती आली आणि चर्चच्या आवारात बापाच्या मातीपाशी एकटी उभी राहिली, भर उन्हात. कुणी छत्री धरायला गेलं तर तिनं हातानंच नको म्हटलं.

पण त्याआधीचा एक शनिवार मला सांगायचाय. त्या दिवशी मी सरांना शेवटचं पाहिलं.

संध्याकाळी भेटायला गेले होते. सर खिडकीजवळच्या पलंगावर उशांना टेकून बसले होते, शर्ट अंगाला ढगळ झालेला. वहिनी शेजारी फोन धरून बसल्या होत्या. पडद्यावर एल्विना. तिकडे सकाळ होती. ती दर शनिवारी एका शाळेच्या हॉलमध्ये लहान मुलींना बास्केटबॉल शिकवायची, आणि वहिनींनी हट्ट केला म्हणून त्या दिवशी तिनं फोन एका खुर्चीवर टेकवून ठेवला होता, आईला हॉल दिसावा म्हणून. मुलींचा गलका ऐकू येत होता. एल्विना मधूनमधून फोनजवळ येऊन आईशी बोलत होती.

"पप्पांनी पेज घेतली का विचार."

वहिनींनी सरांकडे पाहिलं.  ते पडद्याकडे बघत होते, पुढं झुकून. त्यांनी हात लांब करून वहिनींच्या हातातून फोन घेतला आणि डोळ्यांजवळ नेला.

"ती कोण?" ते म्हणाले.

 इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज थेट तिच्याकडे आला होता.

"कोण, पप्पा?"

"तुझ्या मागं. आखूड केसांची. नवीन आहे ना?"

"हो. ह्याच महिन्यात आली."

"फोन तिच्याकडे फिरव."

एल्विनानं फोन उचलला. तो हलत हलत हॉलभर फिरला आणि स्थिरावला. सर बघत राहिले. धाप लागत होती, पण त्यांनी वहिनींनी पुढं केलेलं पाणी बाजूला सारलं. "ती सारखी बोलतेय बघ," ते म्हणाले. "चेंडू तिच्याकडे नाही, तरी बोलतेय. दुसऱ्यांना जागा दाखवतेय."

"माझी डोकेदुखी आहे ती," एल्विना म्हणाली. "एक मिनिट गप्प बसत नाही. मी तिला दर वेळी गप्प करते."

"करू नकोस."

"बाकीच्यांचं लक्ष जातं, पप्पा."

"जाऊ दे. तिला गप्प केलंस तर ती तुझ्यासारखी चांगली खेळेल, पण तेवढीच खेळेल."

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले होते.  मग एल्विना हसली. पूर्वीसारखं मोकळं नाही, पण हसली. "बरं," ती म्हणाली, "आणि ती निळ्या मोज्यांची? तिच्याबद्दल काय म्हणता?"

"ती नको. तिच्या आईला हवंय हे, तिला नाही."

"अहो, आईला तुम्ही बघितलंसुद्धा नाही."

"चेंडू टाकला की पोरगी दर वेळी दाराकडे बघतेय."

मी निरोप घ्यायला उठले, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. वहिनी माझ्या मागोमाग बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. मी त्यांना म्हटलं, आत जा, सरांना काही लागलं तर. त्यांनी मान हलवली. "आता माझं तिथं काम नाही," त्या म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून बसून राहिल्या.

फाटकापाशी जाऊन मी वळून बघितलं. खिडकीत सर दिसत होते. दोन्ही हातांनी फोन धरलेला, चेहरा पडद्याच्या उजेडात, भुवया आखडलेल्या. एल्विना काहीतरी मोठ्यानं सांगत होती आणि ते जोरजोरात मान हलवत होते, नाही, नाही, अजिबात नाही.